विचार करून सांगते

ऑपरेटरबाईंना कुणी काही विचारलं, म्हणजे खरंखुरं विचारलं, त्याला इतका काळ लोटला होता की टेपवालीनं पहिल्यांदा "माझ्याशी बोलाल का?" असं विचारलं तेव्हा त्यांना संशयच आला.

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी उठून जाईन, आजी. कुणी रागावणार नाही. हो म्हणून मधेच नको वाटलं, तरी नुसतं थांब म्हणायचं."

"कारण नाही सांगितलं तरी?"

"तरी."

ऑपरेटरबाई खुर्चीत मागे रेलल्या. "विचार करून सांगते," म्हणाल्या आणि त्या बिचारीला त्यांनी चांगलं आठवडाभर टांगून ठेवलं. विचार कसला डोंबलाचा! हो म्हणायचं त्यांनी जागच्या जागी ठरवलं होतं. पण नाही म्हणायची सोय हाताशी असणं ही एवढी चैन त्यांनी किती वर्षांत केली नव्हती, ती लगेच कशाला संपवायची? रोज सकाळी त्या चहाचा कप घेऊन खिडकीशी बसायच्या आणि स्वतःशीच म्हणायच्या, आज सांगावं का? नको, उद्या बघू.

टेपवाली म्हणजे विद्यापीठात संशोधन करणारी मुलगी. आवाज टिपायचं छोटं यंत्र सतत तिच्या हातात असायचं आणि ते कसं चालू होतं, कसं बंद करायचं हे ती दिसेल त्याला दाखवायची, म्हणून ज्येष्ठांच्या निवासातल्या म्हाताऱ्यांनी तिचं हे नाव पाडलं होतं. अजून यंत्र सुरू करायची परवानगी आलेली नव्हती. कोण बोलायला तयार आहे एवढंच ती आधी चाचपत होती. विषय सरळ होता. घर सोडून निवासात राहायला आलेल्या माणसांचा तो निर्णय कुणी घेतला, आणि त्यांना त्यात कितपत विचारलं?

ऑपरेटरबाईंपुरतं याचं उत्तर एका दमात देण्यासारखं होतं. त्यांना विचारलंच नव्हतं. उभी नोकरी त्यांनी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली, कानाला हेडफोन लावून एका गावचा माणूस दुसऱ्या गावच्या माणसाला जोडून देत. नवरा लवकर गेला. थोरल्याला आणि मुलीला त्यांनी एकटीनं वाढवलं. थोरला शिकून विद्यापीठात प्रोफेसर झाला, मुलगी लग्न होऊन लांबच्या शहरात गेली. मग एका दुपारी बाई स्वयंपाकघरात मटार सोलत बसल्या होत्या आणि बाहेरच्या खोलीत थोरला, सून आणि फोनच्या स्पीकरवर मुलगी असे तिघं बोलत होते. बाथरूममध्ये पडली तर? गॅस चालू राहिला तर? "हे सगळं तिच्या काळजीपोटीच चाललंय," असं थोरला पुन्हा पुन्हा म्हणत होता. एक्स्चेंजमध्ये दुसऱ्यांची बोलणी कानावर पडूनही न ऐकणाऱ्या या बाईनं त्या दिवशी स्वतःबद्दलचं बोलणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. त्या लाइनवर तिला कुणी घेतलं नव्हतं. सगळं ठरल्यावर थोरला स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "आई, तुला पडदे कोणत्या रंगाचे आवडतील?"

त्या म्हणाल्या, "हिरवे."

ही गोष्ट त्यांना अजून झोंबायची. भांडल्या नाहीत, रडल्या नाहीत, मटारचं भांडं आपटलं नाही. हिरवे म्हणाल्या! आणि हिरवे पडदे लागलेसुद्धा. थोरला शब्दाचा पक्का. दर रविवारी फळं घेऊन यायचा, बीपीच्या गोळ्या मोजून बघायचा, संत्रं सोलून हातात द्यायचा. असल्या मुलाबद्दल तक्रार तरी कुठल्या तोंडानं करणार? त्यांना तक्रार करायचीही नव्हती. जे झालं ते एकदा पहिल्यापासून शेवटपर्यंत कुणाला तरी सांगायचं होतं, मधे कुणी "अगं पण आई" न म्हणता. डोळे मिटायच्या आत एवढं एक व्हायला हवं होतं.

तर आठवडा संपला आणि बाई एकदाच्या हो म्हणायला सज्ज झाल्या, तोच टेपवाली तोंड पाडून आली.

"अट घातलीय, आजी."

"कुणी?"

"समितीनं."

विद्यापीठात माणसांवर संशोधन करायचं, मग ते औषध देऊन असो की नुसते प्रश्न विचारून, तर आधी नैतिकता समितीची मंजुरी लागते. कुणाला फसवू नये, कुणावर जबरदस्ती होऊ नये, म्हणून ही समिती. हे ऑपरेटरबाईंना चांगलंच ठाऊक होतं, कारण समितीचा अध्यक्ष दर रविवारी त्यांच्यासमोर बसून संत्रं सोलायचा. "आमच्याकडे माणसाला साधा प्रश्न विचारायचा तरी माझी सही लागते, आई," असं तो मोठ्या अभिमानानं सांगायचा. टेपवालीला हा पत्ता नव्हता. बाईंचं आडनावच असं की हाक मारली तर अर्धा रस्ता वळून बघेल. आणि थोरल्यालाही कळायला मार्ग नव्हता, कारण समितीच्याच रिवाजाप्रमाणे अर्जात निवासाचं नाव झाकून 'शहरातील एक ज्येष्ठ नागरिक निवास' एवढंच लिहायचं असतं.

"सत्तरीच्या पुढच्या प्रत्येकासाठी मुलाची नाहीतर मुलीची लेखी संमती आणायची," टेपवाली म्हणाली. "आधी त्यांना सगळे प्रश्न दाखवायचे. ते हो म्हणाले तरच मी तुमच्याशी बोलायचं."

"म्हणजे, मला घराबाहेर कुणी काढलं हे मी सांगू का, असं ज्यानं काढलं त्यालाच विचारायचं?"

टेपवालीनं यंत्र पिशवीत टाकलं.

शेजारच्या खोलीतल्या मास्तरांनी मात्र आपल्या मुलीला फोन करून पाहिला. आयुष्यभर गणित शिकवलेला माणूस, पत्त्यांत इतकी लबाडी करायचा की त्याच्याबरोबर खेळायला फक्त ऑपरेटरबाईच बसायच्या. मुलगी म्हणाली, "बाबा, कशाला नसत्या भानगडीत पडता?" मास्तर म्हणाले, खरंय बाई तुझं, आणि फोन ठेवून पत्ते पिसायला बसले. त्या संध्याकाळी मास्तरांनी एकदाही लबाडी केली नाही. सरळ खेळले आणि सरळ हरले. ते बघून ऑपरेटरबाईंचं डोकं फिरलं.

"आता पुढे काय?" दुसऱ्या दिवशी त्यांनी टेपवालीला विचारलं.

"माझ्या मार्गदर्शक म्हणतात, विषय सोडून दे. तरुण मुलांच्या झोपेवर कर काहीतरी, त्याला मंजुरी पटकन मिळते. गुरुवारी समितीनं खुलाशाला बोलावलंय. तिथे नाही पटलं तर संपलंच, आजी."

"अट कुणी सुचवली म्हणालीस?"

"अध्यक्ष सरांनी. माणूस वाईट नाही हो, काटेकोर आहेत. म्हणाले, सहभागींच्या काळजीपोटी."

काळजीपोटी! बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"मी येते गुरुवारी," त्या म्हणाल्या.

"आजी, तिथे सहभागींना नेत नाहीत."

"नेत नाहीत, का नेऊ नये असा नियम आहे?"

टेपवालीनं रात्रभर नियम उपसले असणार, कारण सकाळी तिचा फोन आला. तसा नियम कुठेच नव्हता. आजवर कुणी येतो असं म्हणालंच नव्हतं, मग नियम करणार कुणासाठी?

गुरुवारी बाईंनी ठेवणीतली राखाडी शाल काढली. निवासाच्या मॅनेजरनं विचारलं, कुठे निघालात, मुलाला कळवायचं का? "मुलाकडेच निघालेय," बाई म्हणाल्या. यात खोटं काही नव्हतं. विद्यापीठाच्या इमारतीत लिफ्टनं वर गेल्यावर लांबलचक कॉरिडॉर लागला. एका बाजूला बंद दारं, दुसऱ्या बाजूला पाण्याचं मशीन आणि त्याच्याजवळ लाकडी बाक. त्या बाकावर बसल्यावर बाईंनी टेपवालीच्या कानात सांगितलं, "हे बघ, तुझे अध्यक्ष सर आमचे थोरले चिरंजीव."

पोरीच्या तोंडचं पाणीच पळालं. "आजी! हे आता सांगताय?"

"आधी सांगितलं असतं तर आणलं असतंस का?"

"अहो, याला हितसंबंध म्हणतात! सदस्याचं कुणी नात्यातलं असेल तर त्यानं उठून बाहेर जायचं असतं. सरांनीच आणलाय तो नियम. मागे समितीतल्या डॉक्टरांच्या पुतण्याचा अर्ज होता, तर त्यांना बाहेर बसवलं होतं. इथेच. याच बाकावर."

बाईंनी बाकाच्या पाठीवरून हात फिरवला. "मग चांगला नियम आहे की," त्या म्हणाल्या.

आत एक लांब टेबल होतं, काचेचे पेले होते, आणि टेबलाच्या टोकाला थोरला, कपाळावर चष्मा चढवून कागद चाळत. त्यानं वर पाहिलं आणि खुर्ची मागे सारून ताडकन उठला.

"आई? काय झालं? तू इथे कशी? बरं आहे ना तुला?"

"मला काय धाड भरलीय? बस खाली."

बाकीचे तिघं एकमेकांकडे बघायला लागले. डॉक्टर होते, टक्कल पडलेले, गमतीशीर चेहऱ्याचे. एक वकीलबाई होत्या, आणि नोंदी घेणारे सचिव. सचिवांनी पेन खाली ठेवलं.

"यांच्या निवासात अभ्यास व्हायचाय," टेपवाली कशीबशी म्हणाली. "या सहभागी होणार आहेत."

"व्हायचंय," बाईंनी दुरुस्ती केली. "तुम्ही होऊ देत नाही."

थोरला खाली बसला. त्याच्या चेहऱ्यावर एकेक गोष्ट उमटत गेली. निवास कुठला, प्रश्न कुठले, संमती कुणाची. त्यानं समोरचा कागद उलटा करून ठेवला. लहानपणी प्रगतिपुस्तकसुद्धा तो असंच उलटं ठेवायचा. बाईंना वाटलं, उठावं, पोराच्या डोक्यावरून हात फिरवावा आणि म्हणावं, जाऊ दे रे, काही नाही, चल घरी. पण घरी म्हणजे कुठे? त्या जागच्या हलल्या नाहीत.

वकीलबाई घसा साफ करून म्हणाल्या, "सर, हा हितसंबंधाचा मुद्दा येतो."

"मी चर्चेत भाग घेणार नाही," थोरला म्हणाला. "नुसता बसतो."

"पुतण्याच्या वेळी मीही हेच म्हणालो होतो," डॉक्टर म्हणाले. त्यांना हसू दाबता येत नव्हतं. "बाहेर पाण्याच्या मशीनजवळ बाक आहे, सर. पाठीला जरा टोचतो. बाकी चांगला आहे."

थोरल्यानं आईकडे पाहिलं. आता आई म्हणेल, राहू दे हो त्याला, असं त्याला वाटलं असावं. आजवर ती तसंच म्हणत आली होती. बाई टेबलावरच्या पेल्याकडे बघत राहिल्या. तो उठला, दारापर्यंत गेला, चष्मा विसरला म्हणून परत आला, तो कपाळावरच होता हे कळल्यावर पुन्हा गेला. दार हळूच बंद झालं.

मग वकीलबाईंनी अध्यक्षाची जागा घेतली आणि काम सुरू झालं.

"तुम्हाला हा अभ्यास काय आहे ते कळलंय का?" डॉक्टरांनी विचारलं. आता ते हसत नव्हते.

"ही मुलगी विचारणार, घर सोडायचं कुणी ठरवलं. मी सांगणार. टेप होणार. माझं नाव कुठे येणार नाही. नको झालं तर मी थांब म्हणणार. यात न कळण्यासारखं काय आहे?"

"बोलताना तुम्हाला त्रास होऊ शकतो."

"होणारच. रडूसुद्धा येईल. त्याला पण सही लागते का कुणाची?"

टेपवालीनं त्यांची शाल मागून ओढली. बाईंनी ती सोडवून घेतली. "तुम्हा लोकांना म्हाताऱ्या माणसाचं रडू म्हणजे नळ गळतोय असं वाटतं. लगेच कुणाला तरी बोलावून बंद करायचा!"

"तसं नाही," डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज खाली आला होता. "मागे असाच एक अभ्यास आम्ही मंजूर केला होता. एक आजी बोलल्या, आणि नंतर त्यांनी जेवणच सोडलं. घरच्यांना कळलं फार उशिरा. मी सही केली होती त्याच्यावर. तेव्हापासून मला भीती वाटते. सरांना अट घालायला मीच भाग पाडलं, म्हटलं तरी चालेल."

 हे बाईंना अपेक्षित नव्हतं. भांडायला आलेल्या माणसासमोर कुणी असं खरं बोलायला लागलं म्हणजे पंचाईत होते.

"ते वाईट झालं," त्या म्हणाल्या. "फार वाईट झालं. पण डॉक्टर, त्या बाई जेवत नव्हत्या तेव्हा त्यांच्याकडे कुणीतरी जाऊन बसायला हवं होतं. आधी त्यांच्या मुलाची सही असती तर त्या जेवल्या असत्या का?"

डॉक्टरांनी मान हलवली. नाही म्हणून, की माहीत नाही म्हणून, ते कळलं नाही.

"मी एक्स्चेंजमध्ये होते," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे शिस्त होती. दोन माणसं जोडली की आपण लाइनवरून उतरायचं. थांबलं, कान दिला, तर नोकरी जायची. कारण मधे तिसरा आहे हे कळलं की माणूस खरं बोलत नाही, बरी आहे, ठीक आहे, असं बोलायला लागतो. तुम्ही प्रत्येक म्हाताऱ्याच्या लाइनवर त्याचं पोर आणून बसवताय. मग टेपमध्ये काय येणार? बरी आहे. ठीक आहे. पडदे हिरवे आहेत."

शेवटचं कुणाला कळलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. मग त्यांनी मास्तरांचं सांगितलं, मुलीला फोन केल्याचं आणि नंतर सरळ खेळल्याचं. ते सांगताना मात्र त्यांचा आवाज फाटला, आणि त्यांना त्याचा रागही आला. "त्या माणसानं गावातली अर्धी पोरं शिकवली. त्याला काय बोलायचंय ते त्याला ठरवू द्या. नाही बोलायचं तर नाही म्हणेल. पण ते नाही त्याचं असू दे!"

सचिव लिहायचे थांबले होते. वकीलबाई म्हणाल्या, "माझी सूचना अशी. नातेवाइकाच्या संमतीची अट काढू. त्याऐवजी प्रत्येक सहभागीनं स्वतः सांगायचं, त्रास झाला तर कुणाला बोलवायचं. कुणालाच नको असेल तर तसं. आणि संशोधकानं मुलाखतीनंतर पुन्हा जाऊन भेटायचं, फक्त फोन करून भागवायचं नाही. डॉक्टर?"

"पुन्हा भेटायचं आणि जेवलात का विचारायचं," डॉक्टर म्हणाले. "हे लिहा तसंच."

"जाईन," टेपवाली म्हणाली. "नक्की जाईन."

"मग तुमच्यापासूनच सुरू करू," वकीलबाई बाईंकडे वळल्या. "तुम्हाला त्रास झाला तर कुणाला बोलवायचं?"

या प्रश्नाची तयारी बाईंनी केली नव्हती. त्यांनी बंद दाराकडे पाहिलं. दारापलीकडे बाक होता आणि बाकावर त्यांच्या पोटचा पोरगा होता. त्याचं नाव घेतलं असतं तर तो सगळं टाकून धावत आला असता, फळं घेऊन, गोळ्या मोजत. आणि आल्या आल्या म्हणाला असता, अगं पण आई.

"मास्तरांना," त्या म्हणाल्या. "पत्त्यांत लबाड आहेत, पण दार वाजवलं तर उघडतात. आणि काही बोलत नाहीत."

सचिवांनी लिहून घेतलं.

बाहेर आल्या तेव्हा थोरला खरोखरच बाकावर बसला होता. हातात पाण्याचा कागदी पेला, पाणी तसंच. आईला बघून तो उठला, त्यानं तिला बसायला जागा दिली, मग स्वतः शेजारी बसला. टेपवाली शहाणी. लिफ्टपाशी जाऊन बटणांकडे बघत उभी राहिली.

"काय झालं?" त्यानं विचारलं.

"अट काढली."

"बरं झालं," तो म्हणाला. पेला एका हातातून दुसऱ्या हातात गेला. मग न राहवून त्यानं विचारलं, "काय सांगणार आहेस तिला?"

"ते गोपनीय आहे."

"आई, मी आहे."

"म्हणूनच."

 माणसांना प्रश्न विचारायच्या साऱ्या रीतीभाती पाठ असलेला हा माणूस, आणि स्वतःच्या आईशी बोलायला त्याच्याकडे एक धड वाक्य नव्हतं. बाईंना त्याची कीवही आली आणि रागही आला, आणि दोन्हीतलं काही लपवायचं नाही असं त्यांनी ठरवलं.

"सगळ्या जगाला आधी परवानगी विचारायला लावतोस," त्या म्हणाल्या. "पेशंटला विचारा, कैद्याला विचारा, शाळेतल्या पोरांना विचारा. मला काय विचारलंस? पडद्याचा रंग."

थोरल्यानं मान खाली घातली. त्याला आठवत होतं. त्याला सगळं आठवत होतं, हे बाईंना त्याच्या मानेवरून कळलं. 

मग त्यानं पेला खाली ठेवला आणि तो आईकडे पुरता वळून बसला. चष्मा कपाळावरून उतरवून हातात घेतला.

"आई," तो म्हणाला, "त्या दिवसाबद्दल मी तुला काही विचारू का? तुला नको असेल तर नको."

ऑपरेटरबाईंनी शाल सारखी केली आणि बाकाला हात टेकून, त्याच्या हाताचा आधार न घेता, उठून उभ्या राहिल्या. लिफ्ट आली होती. टेपवालीनं दार धरून ठेवलं होतं.

"विचार करून सांगते," त्या म्हणाल्या, आणि निघाल्या.